आक्काच्या घराला जुंपलेली गाडी

११ जानेवारी, रविवार

"एक नंबर" म्हणालो. दाजींनी विचारलं, "कशी वाटली रे दत्ता?" आणि मी ओले हात पँटला पुसत म्हणालो, "एक नंबर, दाजी!"

खोटं. साफ खोटं.

काय झालं ते आजच लिहून ठेवतो, नाहीतर उद्या सकाळपर्यंत स्वतःलाच पटवून देईन की काही झालंच नव्हतं. ज्या शेठनी कॅरॅव्हॅन, म्हणजे मागं ओढायचं चाकांवरचं घर, बनवली त्यांच्या भोसरीतल्या शेडवर ती पहिल्यांदाच दाजींच्या नव्या गाडीला जोडली. चालवायला मी, शेजारी दाजी. आक्का म्हणाली, मी मागं माझ्या घरात बसते. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणूस बसवायचा नसतो हे मला माहीत आहे. पण तिचा चेहरा असा खुलला होता की म्हटलं, बस. लांब कुठं जायचंय?

मोशीपर्यंत मजेत. ओढायला तक्रार नाही. मोशी संपली, इंद्रायणीच्या पुलाकडचा उतार लागला, ब्रेक दाबला आणि मागून कुणीतरी ढकलल्यासारखं झालं. मी दाबतोय, गाडी थांबायचं नाव घेईना. कॅरॅव्हॅनच गाडीला रेटत होती. मग मागचं धूड एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. शेजारून मालाचा मोठा ट्रेलर चाललेला. त्याच्या चाकाचे नट दिसले मला, इतका जवळ. स्टिअरिंग हातात होतं पण गाडी माझी नव्हती. पाय काढला, घट्ट धरून बसलो, पुलाच्या अलीकडे कशीबशी सरळ झाली. बाजूला घेऊन थांबवली.

दोघं खाली उतरलो. गाडी हातातून गेली होती हे दाजींच्या लक्षात आलं नसावं, ते नदीकडे बघत होते. त्यांनी विचारलं आणि मी ते उत्तर दिलं. आक्का खाली उतरलीच नाही. खिडकीतून म्हणाली, "छान हाय. चला आता माघारी."

शेडवर आल्यावरही ती बराच वेळ आतच होती. पडद्यांची मापं घेत असेल.

१२ जानेवारी, सोम. फर्स्ट शिफ्ट

आज लाइनवर दाजींच्या गाडीचं मॉडेल आलं की मान खाली. दिवसभर तेच मॉडेल होतं.

दाजींची गाडी मीच निवडली. दुसऱ्या कुणाला निवडू दिली असती तर ना. आमच्या घराण्यात, सासुरवाडीला, शेजारीपाजारी, कुणालाही गाडी घ्यायची झाली की आधी मला फोन. "दत्ता चाकणला गाडीच्या कंपनीत टीम लीडर आहे, त्याला विचारा." मीपण काय, विचारायची खोटी, आपल्याच कंपनीचं नाव पुढं. सवलतीची स्टाफ स्कीम असते, नातेवाइकांनाही मिळते. शिवाय आमच्या गेटमध्ये फक्त आपली गाडी आत लावू देतात, बाकीच्यांच्या गाड्या बाहेर धुळीत. बारा-पंधरा वर्षं हे बघितलं की माणसाला जगात दुसऱ्या गाड्या आहेत हेच दिसेनासं होतं.

दाजींनी मला स्पष्ट सांगितलं होतं: कॅरॅव्हॅन ओढायचीय, तशी बघ. मी म्हणालो, "दाजी, गाडी माझ्यावर सोडा." आणि त्यांनी सोडली.

वर हौस किती! त्यांची गाडी माझ्या शिफ्टमध्ये लाइनवर यावी म्हणून प्लॅनिंगवाल्याच्या मागं लागलो. आली तेव्हा पोरांना सांगितलं, घरची आहे, नीट करा. दारं मी स्वतः उघडून-झाकून बघितली. फॅमिली ग्रुपवर फोटो: "दाजींची लक्ष्मी तयार होतेय." आक्काने त्यावर हात जोडल्याची खूण सात-आठ वेळा टाकली.

आमच्याच स्टेशनला गाडीचं पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात. इतक्या वर्षांत किती पुस्तकं हातातून गेली. एकही उघडलं नव्हतं. आज चहाच्या सुट्टीत एक उघडलं. मागं ट्रेलर वगैरे जोडण्यासाठी ही गाडी बनवलेली नाही, असं सरळ छापलेलंय. चित्रसुद्धा आहे, त्यावर फुली.

परत कप्प्यात ठेवून दिलं आणि गाडी पुढं सोडली. कपाळ माझं!

१४ जानेवारी, बुध. संक्रांत

शिफ्ट सुटल्यावर पिंपळे गुरवला आक्काकडे. बायको, मीना, आधीच गेली होती.

दाजी मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून घरात कॅरॅव्हॅनशिवाय विषय नाही. हौसेचा मामला असता तर मी केव्हाच सांगून मोकळा झालो असतो, जाऊ द्या दाजी, विका. पण ही हौस नाही. ऑपरेशन झाल्यापासून आक्काला लघवी धरता येत नाही. एसटी नाही, ट्रॅव्हल्स नाही, लोकांकडे मुक्काम नाही. लग्नाला जात नाही. माझ्या घराच्या वास्तुशांतीलाही आली नाही, पिंपळे गुरवहून मोशीला. आई गावाकडं केजजवळ, धाकट्याकडे. तिला आता प्रवास झेपत नाही. मायलेकी फोनवर एकमेकींची तोंडं बघतात. आईला त्यातही ऐकू येत नाही, मग नुसत्या बघतच बसतात.

म्हणून दाजींनी हे काढलं. स्वतःचा संडास, स्वतःचं अंथरूण, वाटेल तिथं थांबायचं. शिवरात्रीच्या आत गावी पोचायचं ठरलंय.

आक्काने तिळगूळ दिला आणि शेजारच्या बाईला म्हणाली, "हा माझा भाऊ. गाडी ह्यानंच बघून दिली. त्याच्यामुळं मी मायला भेटणार."

तिळगूळ तोंडात तसाच धरून बसलो. बाई म्हणाली, "भाऊ असावा तर असा." आई गं! जमीन फाटावी असं वाटलं.

१६ जानेवारी, शुक्र.

पुस्तकात काय, कंपन्या घाबरून काहीही छापतात, असं दोन दिवस मनाला समजावलं. आज कँटीनला टेस्टिंगचा कुलकर्णी भेटला. इंजिनिअर माणूस, ब्रेकच्या चाचण्या करतो, बोलतो मात्र तोडून. म्हटलं ह्यालाच विचारू. पण कसं विचारलं? "एका मित्राचं आहे."

सगळं सांगितलं. उतार, रेटा, शेपटी हलणं.

कुलकर्णी ताटावरून मान वर न काढता म्हणाला, "ओढायला काय, बैलही ओढेल. प्रश्न थांबवायचा आहे. मागचं वजन पुढच्यापेक्षा कमी पाहिजे, चांगलं कमी. आणि मागच्याला स्वतःचा ब्रेक पाहिजे. आहे का?"

"नाही."

"मग मित्राला सांग, आजच्या आज थांबव. घाटात गेला तर संपला." मग हसला. "आणि ही गाडी घे म्हणून सांगणारा बावळट कोण होता?"

मी म्हणालो, "त्याचा मेव्हणा."

"त्याला आपल्याकडे आणू नकोस," म्हणाला. मीपण हसलो. काय करणार होतो? माझ्याच तोंडावर मला शिव्या पडल्या आणि मी हसून ताकाचा ग्लास उचलला.

१८ जानेवारी, रवि.

एक आशा होती, की कॅरॅव्हॅन दिसते तेवढी जड नसेल. शेठला फोन करून म्हटलं, वजन करू या.

शेठ भोसरी गावठाणातले, जुने. शेत गेलं, शेड आली. आजवर त्यांनी खाऊच्या गाड्याच बनवल्या: वडापाव, चायनीज, उसाचा रस. झोपायची गाडी पहिलीच. त्यामुळं पत्रा जाड, अँगल जाड, ओटा तर असा की त्यावर मटण तोडावं. मी म्हटलं, "शेठ, जड झालीय का जरा?"

"जड न्हाई, मजबूत हाय! आमी फुसकं काम करीत न्हाई राव."

त्यांच्या पिकअपला जोडून एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर नेली. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "माल काय?" शेठ म्हणाले, "घर हाय." तो म्हणाला, "चायनीजचं का?"

आकडा आला. कागद घेतला, गाडीचं वजन मला पाठ आहे. कॅरॅव्हॅन रिकामीच गाडीपेक्षा जड. अजून तीत पाणी नाही, गॅस नाही, गाद्या नाहीत, गावाकडून येताना आई ज्या गोण्या भरून देणार त्या नाहीत.

शेठना म्हटलं, "हिला स्वतःचा ब्रेक बसवता येईल?"

"बसवू की. पर आदी दांडी, एक्सेल, समदं खोलावं लागंल. का वं? वढत न्हाई का तुमची गाडी?"

"ओढते."

"मंग झालं तर!"

हेच. हेच मी दाजींना गाडी घेताना म्हणालो होतो. ओढते म्हणजे झालं.

२० जाने., मंगळ. सेकंड शिफ्ट

जायच्या आधी दाजींना फोन केला. सांगायचंच म्हणून केला. पहिलं वाक्य तोंडपाठ करून ठेवलं होतं: दाजी, माझी चूक झालीय.

त्यांनी उचलला आणि म्हणाले, "अरे, तुझंच नाव काढलं आता. आक्का पडदे शिवायलीय, निळे."

आणि मी काय म्हणालो? "दाजी, निघताना पाण्याची टाकी रिकामी ठेवा बरं का. जड सामान पुढं ठेवा."

"लिहून घेतो," म्हणाले.

लिहून घेतो! माझ्या भित्रेपणाला सल्ला समजून लिहून घेतायत. थू तुझ्या जिंदगानीवर, दत्ता.

२२ जाने., गुरु.

आज नवीन खोटं. दाजींना सांगितलं, आरटीओचं पासिंग राहिलंय, त्याला वेळ लागेल, घाई करू नका. पासिंगचे कागद शेठने केव्हाच दिलेत, दाजींच्याच फाइलला आहेत. ते म्हणाले, "ते तर झालंय की." मी म्हणालो, "ते ट्रेलरचं. दोन्ही जोडून वेगळं असतं."

असलं काही नसतं.

चाळीस वर्षं वर्गात पोरांची खोटी कारणं ऐकलेला मास्तर. त्यांना कळलं नसेल? पण म्हणाले, "बरं, तू म्हणतोस तर असेल."

आयटीआयला होतो तेव्हा ह्यांच्या दोन खोल्यांत राहिलो. मी स्वयंपाकघरात झोपायचो, आणि दाजी पहाटे पाणी प्यायला आले तर दिवा लावायचे नाहीत. माझी झोप मोडू नये म्हणून. एवढंसं आठवलं आणि बसमधून उतरायचा स्टॉप चुकला.

२५ जाने., रवि.

कॅरॅव्हॅन आता पिंपळे गुरवला, दाजींच्या सोसायटीत उभी. शेठने पिकअपने आणून सोडली. (पासिंगचं कारण सांगून दाजींच्या गाडीला जोडू दिली नाही. तेवढं तरी.)

सोसायटीत जत्रा. सेक्रेटरी खाली आले, "मास्तर, इथं धंदा लावता येणार नाही हं." दाजी समजावतायत, हे घर आहे, सेक्रेटरी मान हलवतायत आणि आत डोकावून तवा शोधतायत. एका पोरीने विचारलं, "आजी, मोमो आहेत का?" आक्का इतकी हसली, इतकी हसली, की पदर तोंडात धरून आत पळाली. तिला असं हसताना बघून किती वर्षं झाली.

निळे पडदे लागले. पलंगाखाली तिने आईसाठी दोन लुगडी ठेवलीत, नवी. स्वतः पायरीवर बसून मला म्हणाली, "हितं बस. का रे, तोंड पाडून का फिरायलास?"

"शिफ्टचा थकवा."

"गाडीला किती केलंस तू. झोप जरा."

तिसऱ्या मजल्यावरचे पाटील आले, त्यांच्या मुलालाही गाडी घ्यायचीय. दाजी म्हणाले, "आमच्या दत्ताला विचारा, डोळे झाकून घ्या." मी पाटलांना म्हणालो, "तुमच्या तुम्ही बघा. सगळ्या चालवून बघा." त्यांना राग आला असावा. दाजींनाही आवडलं नाही.

२७ जाने., मंगळ.

मीनाला सांगितलं. आपणहून नाही. तिने विचारलं, "अहो, झोपेत ब्रेक का मारताय? पाय झाडता नुसते." मग सगळं बाहेर पडलं.

भाजी निवडत होती, ती बाजूला सारली.

"उतारावर आक्का मागं होत्या?"

"हो."

"आणि तरी तुम्ही एक नंबर म्हणालात?"

"हो गं."

"आणि आता शिवरात्र तोंडावर आली, ते घाटातून जाणार, आणि तुम्ही पडद्यांचं कौतुक करून आलात?"

म्हटलं, कसं सांगू? स्कीमची गाडी, लगेच विकता येत नाही. दाजी अडकतील. सगळ्या खानदानात...

"तुमचं नाक राहू द्या बाजूला!" एवढ्या मोठ्याने कधी बोलत नाही ती. "गाडीतला माणूस, गाडीतला माणूस! कुणी म्हणालं की फुगायचं. आता सांगायला काय होतंय? जीव जातोय का? त्यांचा जाईल."

तिने भाजी परत पुढं ओढली. जेवताना वाढलं सगळं, पण माझ्याकडे बघितलं नाही.

३० जाने., शुक्र.

दाजींचा मेसेज: "पासिंगचे आज स्वतः आरटीओला जाऊन विचारले. असे काही नसते म्हणतात. तुला कोणीतरी चुकीचे सांगितले. ७ तारखेला शनिवारी पहाटे निघतो. रस्ता मोकळा असतो."

तुला कोणीतरी चुकीचे सांगितले. अजूनही माझीच बाजू सावरतायत.

गावच्या वाटेवरचा मांजरसुंब्याचा घाट डोळ्यांपुढून हलत नाही. तिथं आक्का परत मागं बसणार. दाजींनी पडदा लावून पलंगाला पट्टासुद्धा बसवलाय. मीच तर तिला पहिल्या दिवशी बस म्हणालो होतो.

रविवारी सांगणार. ह्यात आता बदल नाही.

१ फेब्रुवारी, रवि.

सांगितलं.

दाजी पायरीला रबर चिकटवत होते. आक्का आत डबे लावत होती. म्हटलं, "आक्का, खाली ये, बोलायचंय." ती म्हणाली, "तूच आत ये की." मग आत गेलो. दाजी दारात उभे.

उभ्याउभ्याच सांगितलं. ह्या गाडीला ही कॅरॅव्हॅन जोडायची नाही. गाडी हलकी, घर जड, ब्रेक पुरत नाही. पुस्तकात छापलंय, मी वाचलंच नव्हतं. वजन करून बघितलं. पासिंगचं मी खोटं बोललो. पुलाच्या उतारावर गाडी माझ्या हातातून गेली होती.

दाजी म्हणाले, "गेली होती?" एवढंच.

आक्काने डब्याचं झाकण लावलं. "तुला तवाच कळलं होतं?"

"हो."

"चालवतानाच?"

"हो, आक्का."

ती पलंगावर बसली. बराच वेळ हातातला फडका उलटा-सुलटा करत राहिली. मग माझ्याकडे न बघता, जसं दाजींना सांगतेय असं बोलली. तिचे शब्द जसेच्या तसे लिहितो, माझ्यासाठी.

"मी पडले हितं त्या दिवशी. ह्या ओट्याला डोकं लागलं. उठून बसले तर पुन्हा पडले. कपडे खराब झाले सगळे. खाली फरशीपर्यंत. तुम्ही दोघं बाहेर बोलायलात, आणि मी आत पदरानं पुसायले. खिडकीतून हा एक नंबर म्हणाला ते ऐकलं. म्हटलं, आपला दत्ता म्हणतोय म्हणजे गाडी अशीच हालत असंल. आपल्यालाच सहन होत नाही. सवय करून घ्यावी."

तिने फडक्याची घडी घातली.

"म्हणून ह्यांना पट्टा बसवा म्हणलं मी. धरून बसता यावं म्हणून. आणि ठरवलं होतं, निघायच्या आदल्या दिवसापास्नं पाणीच प्यायचं नाही."

मी काहीतरी बोलायला गेलो. माफ कर असं काहीतरी. ती म्हणाली, "जा आता घरी. मीना वाट बघत असंल."

आवाज चढवला नाही. शिव्या दिल्या असत्या, हाणलं असतं चपलेने, तर बरं झालं असतं.

२ फेब्रु., सोम.

कामावर गेलो. काय केलं दिवसभर आठवत नाही.

तिला डोक्याला लागलं होतं आणि मी पडद्यांची मापं म्हणालो होतो. इथं, ह्याच वहीत लिहिलंय ते. मागं जाऊन वाचलं.

भीती वाटली म्हणून खोटं बोललो असतो तर एक वेळ... भीतीने नाही. गाडी माझी निवड होती म्हणून. एवढ्याशा गोष्टीसाठी. माझ्या बहिणीने ओल्या कपड्यात बसून माझा मोठेपणा ऐकला.

३ फेब्रु., मंगळ.

फॅमिली ग्रुपवर लिहिलं: "दाजींना गाडी मी चुकीची घ्यायला लावली. कॅरॅव्हॅनसाठी ती योग्य नाही, धोक्याची आहे. मला माहीत नव्हतं आणि मी विचारलं नाही. दाजींची चूक नाही." आक्काचं काही लिहिलं नाही, ते तिचं आहे.

पाठवायला बोट जात नव्हतं. मीनासमोर पाठवलं.

सगळ्यांनी वाचलं. दुपारपर्यंत कुणी एक अक्षर नाही. मग चुलतभाऊ परळीहून: "भावा, मग आमची घेतलेली बरोबर आहे ना?" त्याला मागं काही ओढायचं नाही, फक्त सासुरवाडीला जायचंय. तरी दोनदा खात्री करून सांगितलं.

आक्काने वाचलंय. खूण नाही, काही नाही.

४ फेब्रु., बुध.

कुलकर्णीकडे गेलो. म्हटलं, तो मेव्हणा मीच.

वाटलं होतं हसेल. हसला नाही. खुर्ची ओढून दिली. म्हणाला, आता काय करायचंय ते बोल.

जे कळलं ते असं. गाडी जड पाहिजे, खाली लोखंडी सांगाड्याची, चासीवाली, डिझेल, मागच्या चाकांवर चालणारी. लांबीला मोठी, म्हणजे मागचं धूड तिला हलवू शकत नाही. कंपनीनेच ओढायचं वजन लिहून दिलेलं पाहिजे, कुणाच्या तोंडी शब्दावर नाही. कॅरॅव्हॅनला स्वतःचा ब्रेक. जड ओटा काढून हलका बसवायचा. गाडीला जोडायच्या दांडीवर थोडं वजन यायलाच हवं, मागं जड झालं की शेपूट हलतं. आणि चालताना आत कुणीही बसायचं नाही. आक्काला दर अर्ध्या तासाला थांबावं लागलं तरी थांबायचं.

ह्यात बसेल अशी एकही गाडी आमची कंपनी बनवत नाही. आज हे वाक्य लिहिताना काहीच वाटलं नाही.

दाजींना सगळं पाठवलं. त्यांचं उत्तर: "मिळाले."

५ फेब्रु., गुरु.

दाजींचा फोन. आवाज नेहमीसारखा, पण बेतून बोलत होते. शिवरात्रीला जाणं रद्द. आईला आक्काने काय सांगितलं कुणास ठाऊक. शेठकडे ब्रेकचं काम सांगितलंय. नवी गाडी दाजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा भाऊ वापरणार, स्कीमची मुदत संपेपर्यंत दाजींच्याच नावावर. शनिवारी तळेगावला एक जुनी मोठी गाडी बघायला जाणार आहेत, मी सांगितलं तशा चासीची. आक्का पण जातेय. वाटेत थांबत थांबत.

"आक्का जातेय? मी येतो दाजी, सुट्टी टाकतो. चासी खालून बघावी लागते, गंज असतो, तुम्हाला..."

मग म्हणाले, "आक्का म्हणते, राहू दे त्याला."

"बरं," म्हणालो.

"राग नाही रे तिचा," दाजी म्हणाले. ते पटेल असं त्यांना स्वतःला वाटत नव्हतं, आवाजावरून कळलं.

७ फेब्रु., शनि.

नको म्हणाले तरी सुट्टी टाकली. सकाळीच आंघोळ करून, बूट घालून बसलो. मीनाने विचारलं, "कुठं निघालात?" म्हटलं, "कुठं नाही." तिने चहा आणून ठेवला.

बसून बसून गाडी मनात बघत होतो. खालून कोण बघेल? दाजींना गुडघ्यावर बसता येत नाही. विकणारा म्हणेल, एकदम टकाटक. सगळे तसंच म्हणतात. मी तसंच म्हणालो होतो.

बाराच्या सुमारास आक्काचा फोटो आला. ग्रुपवर नाही, मला. पांढऱ्या जुन्या गाडीची मागची बाजू, खालून काढलेला. चिखल, हुक बसवायची जागा, चासीचा तुकडा. तिने स्वतः खाली वाकून काढलेला असावा, कोपऱ्यात तिच्या साडीचा काठ आलाय. फोटोखाली एक शब्द नाही.

मोठा करून बघितला. चांगली दिसते. जागा मजबूत दिसते. बोट आपोआप "छान आहे" लिहायला गेलं. लिहिलं. पुसलं.

मग लिहिलं: "आक्का, नुसत्या फोटोवरून मला सांगता येणार नाही."

पाठवलं. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. तिने बघितलंय. अडीच वाजले, अजून काही आलेलं नाही. बूट काढलेले नाहीत.